काठ कुठून सुरू होतो?

तिवशाहून समुद्र गाठायचा तर रेल्वेत एक रात्र काढावी लागते. आमच्याकडच्या कित्येक जुन्या माणसांनी तो पाहिलेलाच नाही. पाहिला असेल तर पोराच्या नोकरीच्या निमित्ताने मुंबईला जाऊन, ओंजळभर खारे पाणी डोळ्यांना लावून. तेव्हा समुद्रकिनारा राखणाऱ्या स्वयंसेवकांवर वऱ्हाडातल्या एका निवृत्त मास्तराने लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. मला या विषयाकडे ढकलले ते एका नावाड्याच्या वाक्याने.

आमच्या तालुक्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे. हे रुक्मिणीचे माहेर, आणि तिची पालखी येथूनच पंढरपूरला जाते. कार्तिकात येथे मोठी यात्रा भरते. काही वर्षांपूर्वी यात्रा पांगल्यावर विद्यार्थ्यांना घेऊन मी काठ झाडायला गेलो. द्रोण, पत्रावळी, थर्माकोलच्या ताटल्या, गुटख्याच्या पुड्या, पाण्याच्या बाटल्या असे सगळे आम्ही ओढत ओढत उताराच्या कडेला नेऊन ढीग केले. फोटो काढले. बाजूला नाव बांधत बसलेला म्हातारा नावाडी म्हणाला, "गुर्जी, तुमी कचरा उचलला नाही, धाडला. पह्यल्या पुरात जाईन तो."

मला उत्तर सुचले नाही. घरी येऊन मी नकाशा उघडला. वर्धा पुढे वैनगंगेला मिळते, दोघींची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. आमच्याच जिल्ह्याची पश्चिमेची बाजू पाहिली तर पेढी पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, आणि तापी सुरतेपाशी अरबी समुद्रात. अमरावती जिल्ह्याला समुद्र नाही, पण त्याचे पाणी दोन समुद्रांना जाते. पाण्याबरोबर आम्ही काय धाडतो, हा प्रश्न तेव्हापासून मागे लागला. काठ सांभाळण्याचा इतिहास मी शोधू लागलो, आणि तो घराजवळच सापडला.

अमरावती जिल्ह्यातल्याच शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या डेबूजी झिंगराजी जाणोरकरांनी १ फेब्रुवारी १९०५ रोजी घर सोडले आणि पुढे ते गाडगेबाबा झाले. त्यांच्या कामाच्या आरंभीच्या ठिकाणांत पूर्णेकाठचे ऋणमोचन येते. पौषातल्या रविवारी येथे यात्रा भरते. या यात्रेतली त्यांची सेवा झाडण्यावर थांबली नाही. १९०८ च्या सुमारास तिथे पूर्णेवर घाट उभा राहिला. बाबांचा खराटा सगळ्यांच्या लक्षात राहिला, घाट मात्र फारसा कुणी आठवत नाही. खराट्याने आजचा दिवस स्वच्छ होतो. घाटाने पुढच्या यात्रांची अडचण मिटते. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात माणसांना प्रश्न विचारायचे, ही त्यांची रीतही याच जातीची. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांचे देहावसान झाले. पहिला घाट पूर्णेवर, शेवटचा श्वास तिच्याच उपनदीवर.

आमच्या तालुक्यातल्या मोझरीला १९३५ साली गुरुकुंज आश्रम उभारणाऱ्या तुकडोजी महाराजांनी हेच काम गावोगावच्या सेवकांच्या हाती दिले. ग्रामगीतेत तर ग्रामशुद्धीला स्वतंत्र अध्याय आहे. ही परंपरा पाठीशी असून आमचा झाडू कसा फसला? मला सुचलेले उत्तर असे : गाडगेबाबांच्या काळातला यात्रेचा कचरा मातीचा होता. पळसाच्या पत्रावळी, मातीची मडकी, गुरांचे शेण. तो काठाला सारला तरी एका पावसाळ्यात त्याची माती होई. कचरा बदलला, पण आमचे हात अजून जुन्याच सवयीने झाडतात. आता बाजूला सारलेले काहीच मातीत जात नाही. ते फक्त पुढच्या गावाला जाते, आणि शेवटचे गाव समुद्रकाठी असते.

त्या शेवटच्या गावांतली माणसे काय करतात, हे पाहायला हवे होते. अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर १९८६ साली लिंडा मॅरानिस आणि कॅथी ओ'हारा या दोघींनी सुमारे २,८०० लोकांना गोळा केले. त्यांनी कचरा उचललाच, शिवाय प्रत्येक वस्तूची नोंद केली. कचरा कशाचा हे कळले की तो कोठून येतो हे शोधता येते. आज अनेक देशांत सप्टेंबरात किनारे साफ होतात, त्याचे मूळ या मोजणीत आहे.

आपल्याकडे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात वेळास आहे. नाना फडणवीसांचे गाव म्हणून इतिहासाच्या वाचकांना ते ठाऊक असते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडाची पाहणी करत २००२ च्या सुमारास तिथे पोचले. ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या रात्री वाळूत अंडी घालत आणि माणसे ती काढून नेत. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि पिल्ले बाहेर यायला साधारण दीड-दोन महिने लागतात. एवढे दिवस राखण कोण करणार? ती गावकऱ्यांनीच पत्करली. अंडी कुंपणाच्या आत पुरून जपायची आणि पिल्ले निघाली की समुद्राकडे सोडायची. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावातल्या घरांत उतरू लागले, आणि जिवंत कासवाचे मोल अंड्याहून जास्त ठरले.

मुंबईत वर्सोव्याला ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह हे वकील आपल्या वृद्ध शेजाऱ्यासह किनाऱ्यावर उतरले. आठवड्यामागून आठवडे लोक वाढत गेले. २०१६ साली त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' हा सन्मान मिळाला, आणि मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडलेची पिल्ले समुद्राकडे धावली. पण मला त्यांचे पुढचे पाऊल जास्त महत्त्वाचे वाटते. ते मिठी नदीकडे वळले. किनारा कितीही झाडा, नदी रोज नवा कचरा आणून टाकते, तेव्हा तिच्याच काठाने वर चालत जाणे आले.

ती वाट वर वर चालत गेले की आमच्यासारख्या गावांपाशी पोचते. वेळासच्या माणसाने वाळू राखायची आणि आम्ही उतारावर ढीग रचायचे, याला सेवा म्हणता येत नाही.

पुढच्या कार्तिकात आम्ही पोती नेली. भरलेली पोती पुराची खूण जिथवर लागते त्याच्या वर वाहून आणली. वहीत नोंद केली तर प्लास्टिकच्या बाटल्या आणि थर्माकोलच्या ताटल्याच सगळ्यांत जास्त निघाल्या. मग यात्रेआधी फराळाच्या दुकानदारांकडे गेलो आणि पळसाच्या पत्रावळी वापरता येतील का, असे विचारले. काहींनी मानले, काहींनी भाव सांगितला. त्यांचेही चुकले नाही, पत्रावळ लावणारे हात आता गावात थोडे उरलेत. त्या हातांना काम मिळेल असे काही करता आले तर तो आमचा घाट होईल. अजून झालेला नाही.

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा कार्तिकाची यात्रा तोंडावर आली असेल. गेल्या खेपेला नावाड्याने आमची पोती मोजली आणि विचारले, "गुर्जी, इथून कुठी नेता आता?" तालुक्याच्या गावी, असे मी म्हणालो. तो म्हणाला, "अन् तिथून?"

यंदा जायच्या आधी त्याचे उत्तर मला शोधायचे आहे.