पाचवी मागणी

हेडफोन लावून पाळीवर निघाला असाल, तर आजचा एपिसोड तुमच्यासाठीच आहे.

नारायण मेघाजी लोखंडे हे नाव दरवर्षी १० जूनला व्हॉट्सअॅपवर फिरतं. 'यांच्यामुळे रविवारची सुट्टी मिळाली.' गोष्ट खरी आहे, फक्त जरा सोपी करून सांगितलेली. सरकारी कचेऱ्यांना रविवार आधीपासूनच होता. १० जून १८९० ला तो मुंबईच्या गिरणी कामगारांना मिळाला. पण लोखंड्यांच्या मागण्यांच्या यादीत आणखी एक गोष्ट होती, आणि तिचा फॉरवर्ड मला आजवर कुणी पाठवलेला नाही.

आधी गिरणीत शिरू. कावसजी दावर यांची मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. वाफेचं एक मोठं इंजिन, छताखालून जाणारे लांबच लांब फिरते दांडे आणि त्यांच्यावरून खाली प्रत्येक यंत्राकडे येणारे चामड्याचे पट्टे. डोळ्यांसमोर आणा. धोतराचा सोगा किंवा पदर पट्ट्यात अडकला, तर यंत्र थांबवायचं बटण तुमच्या हाताशी नाही, कारण इंजिन दुसरीकडे आहे. विजेचे दिवे नव्हते, म्हणून काम सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. उन्हाळ्यात तेरा-चौदा तास. बाराव्या तासाला माणसाचा हात किती सावध असेल?

पहिला कारखाना कायदा १८८१ चा. त्यामागचं राजकारण मजेशीर आहे. भारतात कायदा व्हावा म्हणून सगळ्यात जास्त आरडाओरडा कुणी केला? इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांनी! त्यांना मुंबईच्या स्वस्त मजुरीची धास्ती होती. त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच राष्ट्रीय वृत्तपत्रांनी कायद्याला विरोध केला, आणि त्यांचा संशय चुकीचा नव्हता. पण त्या संशयाच्या भरात यंत्रापाशी उभं असलेलं सात वर्षांचं पोर कुणाला दिसेना, असं मला वाटतं. सोराबजी शापुरजी बंगाली यांना ते दिसलं. त्यांनी १८७८ मध्येच कायद्याचा मसुदा तयार केला होता, पण मुंबई सरकारने तो पुढे नेला नाही.

१८८१ च्या कायद्याने दिलं काय? सात वर्षांखालच्या मुलांना कामावर बंदी. सात ते बारा वयाच्या मुलांना नऊ तास. धोकादायक यंत्रांना कुंपण. अपघात झाला तर कळवणं. तेही १०० किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल चकार शब्द नाही. आणि कुंपण असूनही हात गेला, तर घर कसं चालायचं, याबद्दलही नाही.

आता १८८४. सरकारने पुन्हा चौकशीला कमिशन नेमलं. लोखंडे तेव्हा 'दीनबंधु'चे संपादक, जोतीराव फुल्यांचे सहकारी. गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेलं, त्यामुळे आतलं सगळं ठाऊक. सप्टेंबरमध्ये परळला कामगारांच्या सभा झाल्या आणि ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या पाच. रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू आणि सूर्यास्ताला बंद. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत.

आणि पाचवी: कामावर गंभीर दुखापत झाली तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार, आणि कायमचा अपंग झाला तर पोटापाण्याची सोय.

ही मागणी वेडगळ नव्हती बरं का. त्याच वर्षी, जुलै १८८४ मध्ये, जर्मनीत कामगारांच्या अपघात विम्याचा कायदा झाला होता. आपल्याकडे १८५५ चा एक कायदा होता, पण तो फक्त मृत्यूसाठी, आणि त्यातही मालकाची चूक कोर्टात सिद्ध करायची. गिरणी कामगाराच्या विधवेने वकील कुठून आणायचा?

पुढे २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन स्त्री कामगारांनीही भाषणं केली. जूनमध्ये गिरणीमालकांच्या संघटनेने रविवार मान्य केला. १८९१ च्या दुरुस्तीने साप्ताहिक सुट्टी आणि अर्ध्या तासाची विश्रांती कायद्यात आणली. मुलांचं किमान वय नऊ झालं, स्त्रियांना अकरा तासांची मर्यादा आली. पाचवी मागणी? तिचं नावही नाही. सुट्टी दिली तर यंत्रही एक दिवस थांबतं, साफ होतं, मालकाचं फार बिघडत नाही. तुटलेल्या हाताचे पैसे मात्र खिशातून जातात.

लोखंडे १८९७ च्या प्लेगमध्ये गेले, पन्नाशीही न गाठता. त्याच वर्षी ब्रिटनने आपल्या कामगारांसाठी भरपाईचा कायदा केला. भारतात तो आला १९२३ मध्ये. म्हणजे परळच्या अर्जानंतर ३९ वर्षांनी.

त्या मूळ कायद्याच्या शेवटी एक कोष्टक होतं, ते वाचताना अंगावर काटा येतो. उजवा हात कोपरापासून गेला तर ७० टक्के, डावा ६०. एक डोळा ३०. अंगठा २५. तर्जनी १०. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ४२ महिन्यांचा पगार किंवा ३,५०० रुपये, यांतलं कमी ते. महिना ३० रुपये पगार धरा. ४२ महिन्यांचे १,२६०, त्याचे पंचवीस टक्के ३१५ रुपये. झाला अंगठ्याचा हिशेब. आणि बरं होईपर्यंत पूर्ण पगार? नाही, साधारण अर्धा. तोसुद्धा दहा दिवसांहून जास्त घरी बसावं लागलं तरच.

आज ईएसआयमध्ये कामावरच्या दुखापतीसाठी पगाराच्या ९० टक्के मिळतात. पूर्ण अजूनही नाहीत, पण १८८४ च्या अर्जाच्या बरेच जवळ. पण तुमची तिथे नोंदणी झालेली हवी. पॉवर प्रेसवर बोट गेल्यावर धावपळ करून नोंदणी केल्याच्या गोष्टी औद्योगिक वसाहतीत ऐकू येतात, म्हणून सांगतो. ठेकेदाराकडे असाल आणि पगार २१,००० पर्यंत असेल, तर आज जेवणाच्या सुट्टीत पगाराची स्लिप उघडा आणि ईएसआयचा नंबर शोधा. नसेल तर ठेकेदाराला विचारा.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.