कलम 15 चा प्रवास

1906 पर्यंत अमेरिकेत लहानमोठी न्यायालयं आपापल्या रीतीने नागरिकत्व देत. निवडणूक जवळ आली की पक्षांचे दलाल परदेशातून आलेल्यांना घाऊक नागरिक करून मतदार बनवत. हा बाजार मोडण्यासाठी त्या वर्षीच्या कायद्यात कलम 15 आलं. फसवणुकीने किंवा बेकायदा मिळालेलं नागरिकत्व रद्द करून घ्यायला सरकारला आता दावा लावता येणार होता. फसवणुकीपुरता त्याला माझाही विरोध नाही. पण ‘बेकायदा’मध्ये काय काय बसवायचं, याला धरबंध नव्हता.

तीनच वर्षांत ते दिसलं. अराजकतावादी एमा गोल्डमन सरकारला नकोशी होती. तिचं नागरिकत्व नवऱ्यामुळे आलेलं, म्हणून 1909 मध्ये सरकारने कधीच वेगळ्या झालेल्या त्या नवऱ्याचं नागरिकत्व रद्द करवलं. तिला साधी नोटीसही नाही. 1919 मध्ये तिला जहाजावर चढवून देशाबाहेर काढलं.

मग पाळी हिंदी लोकांची आली. फेब्रुवारी 1923 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकी सैन्यात राहिलेल्या भगतसिंग थिंड यांना नागरिकत्वाच्या कायद्यातले ‘गोरे’ मानायला नकार दिला. वाद थिंड यांच्यापुरता होता. सरकारने मात्र तोच निकाल धरून, आधी रीतसर नागरिक झालेल्या हिंदी लोकांवर दावे लावले. त्यांनी काही लपवलं नव्हतं, कुणाला फसवलं नव्हतं. कॅलिफोर्नियात तर नागरिकत्वाबरोबर जमिनीचा हक्कही जाई. सॅन फ्रान्सिस्कोतले दुकानदार वैष्णोदास बगाई यांनी नागरिकत्व गमावल्यावर 1928 मध्ये आत्महत्या केली.

थिंड यांची बाजू मांडणारे वकील सखाराम गणेश पंडित स्वतः 1914 मध्ये नागरिक झाले होते. त्यांच्यावरही दावा आला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: न्यायालयाने सगळं तपासून नागरिकत्व दिलं, सरकारने तेव्हा अपील केलं नाही, त्या भरवशावर मी वकिली केली, घर घेतलं, अमेरिकन स्त्रीशी लग्न केलं. माझं नागरिकत्व गेलं तर त्या काळच्या कायद्याने तिचंही जाईल. 1926 मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा अर्ज नाकारला आणि उरलेले दावे मागे पडले. त्या काळातला इतका खणखणीत युक्तिवाद मला दुसरा दिसत नाही.

1943 मध्ये, कम्युनिस्ट श्नायडरमन यांचं नागरिकत्व रद्द करण्याच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सरकारवर स्पष्ट आणि निःसंदिग्ध पुराव्याचं ओझं टाकलं.

आपल्या भारतातल्या 1955 च्या नागरिकत्व कायद्यातल्या कलम 10 मध्येही नागरिकत्व काढून घ्यायचं कारण म्हणून फसवणूक आहे, शिवाय संविधानाशी अनिष्ठाही आहे. नोटीस द्यावी लागते, मागणी केल्यास चौकशी समितीही मिळते. पण नागरिकत्व काढून घेण्याचा आदेश न्यायालय नव्हे, केंद्र सरकार काढतं.