अर्धा कप चहा

सकाळचे सात वाजले होते. सोमाटणे फाट्यावर जुन्या मुंबई-पुणे रस्त्याची वर्दळ सुरू झाली होती. दहा वाजता तळेगावात माझी अक्कलदाढ काढायची होती. दाढ हाडात आडवी रुतलेली, आणि दाताच्या खुर्चीची मला लहानपणापासून धास्ती. म्हणून डॉक्टर म्हणाले होते, "पूर्ण भूल नको, शिरेतून गुंगी देऊ." सोबत सूचनांचा कागद दिला होता. आधी सहा तास काही खायचं नाही, दुधाचा चहासुद्धा नाही. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालेल. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सांगायच्या. घरचं माणूस सोबत आणायचं.

उपाशी राहायची मला काय भीती! रमजानचे रोजे लहानपणापासून अंगवळणी पडलेले. पण शेजारच्या काकू चहा घेऊन आल्या. "भाई, दाढ काढल्यावर कसलं खाणं? अर्धा कप घ्या, चहानं काय होतंय?" मी घेतला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा खोटं अगदी ओठांवर आलं होतं. बायकोनं फक्त माझ्याकडे पाहिलं, आणि मी खरं सांगून टाकलं. डॉक्टरांनी शांतपणे चार दिवसांनंतरची वेळ दिली. ठणकता गाल धरून घरी येताना मला राग आला होता. अर्ध्या कपाची एवढी शिक्षा? ते चार दिवस मी भुलीचा इतिहास वाचत बसलो.

हा इतिहास सुरू होतो तोच दाताच्या डॉक्टरांपासून. अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावी डिसेंबर १८४४ मध्ये होरेस वेल्स यानं 'हसवणाऱ्या वायू'चा खेळ पाहिला. वायू हुंगलेल्या एका माणसाच्या पायाला जखम झाली, पण त्याला ती कळलीच नाही. दुसऱ्याच दिवशी वेल्सनं तो वायू घेऊन स्वतःची दाढ काढून घेतली. पुढं बोस्टनला त्यानं प्रयोग करून दाखवला, पण रोगी ओरडला आणि वेल्सचं हसं झालं. त्याचाच जुना भागीदार, दंतवैद्य विल्यम मॉर्टन, याचा ईथरचा प्रयोग १६ ऑक्टोबर १८४६ रोजी यशस्वी झाला. पुढच्याच वर्षी ईथर कलकत्त्याला पोचलं. एडिंबरोत सिम्पसननं क्लोरोफॉर्म आणलं.

वेदना अशी दोन-तीन वर्षांत हरली. सुरक्षितता मात्र फार सावकाश आली. २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचं नख काढताना क्लोरोफॉर्मखाली दगावली. नख काढण्यापायी जीव गेला! हृदय आधी थांबतं की श्वास, यावर डॉक्टरांत वाद पेटला.

त्या वादाचा एक मोठा अध्याय आपल्या दख्खनमध्ये घडला. आजचा मराठवाडा तेव्हा ज्या निजामाच्या राज्यात होता, त्या राज्याच्या राजधानीत, हैदराबादेत, डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकारानं १८८८ आणि १८८९ मध्ये दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. दुसऱ्या आयोगासाठी सहावे निजाम महबूब अली खान यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकाला एक हजार पौंड दिले. चारशेहून अधिक प्राण्यांवर प्रयोग झाले. निष्कर्ष निघाला की श्वास आधी थांबतो, म्हणून श्वासावर नजर ठेवा. तो अर्धाच खरा होता. क्लोरोफॉर्म थेट हृदयही बिघडवतं, हे लेव्ही यांनी १९११ मध्ये दाखवलं. पण श्वासावर नजर ठेवण्याची शिकवण टिकली. आज बोटाला लावतात तो ऑक्सिजन मोजणारा चिमटा तेच काम करतो.

आणि माझा चहा? १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. मेंडेलसन यांनी बाळंतपणात भूल दिलेल्या ६६ स्त्रियांची हकिगत मांडली. गुंगीत घशाचा पहारा सुटतो, पोटातलं वर येतं आणि फुप्फुसात उतरतं. दोघी तर पोटातल्या घन अन्नानं गुदमरून गेल्या. पोटातलं आम्ल फुप्फुस कसं जाळतं, हेही त्यांनी दाखवून दिलं. रोजा आणि हा उपास, दोन्हींत पोट रिकामंच. पण रोजा माझ्या श्रद्धेचा होता. हा उपास माझ्या श्वासाचा होता. कागदावरच्या त्या साध्या ओळीमागं अशी माणसं उभी होती.

आमच्या घरातल्या दखनीत भूल म्हणजे विसर आणि चूकही. मराठीत आपण 'चूकभूल' म्हणतो, आणि डॉक्टर देतात तीही भूलच. पहिल्या खेपेला चूक माझी होती. विसराचा अनुभव दुसऱ्या खेपेला आला. या वेळी पोट रिकामं होतं, रक्तदाबाची गोळी डॉक्टरांना विचारून घोटभर पाण्याबरोबर घेतली होती, आणि काकूंना आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं. सुई टोचली. मग मी बायकोला विचारलं, "कधी सुरू करणार?"

"झालं की. घरी चाललोय आपण. आणि हे तुम्ही तिसऱ्यांदा विचारताय."

रिक्षा फाट्याकडं वळली होती. डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलेलं पथ्य मला एक अक्षर आठवत नव्हतं. तिला सगळं पाठ होतं. घरचं माणूस सोबत का हवं, ते तेव्हा कळलं.

संध्याकाळी काकू पुन्हा अर्धा कप चहा घेऊन आल्या. पथ्याप्रमाणे तो थंड होऊ दिला, आणि मग प्यायलो.