तेंदूपत्त्याची पारख

विडीच्या वेष्टणासाठी तेंदूच्या (शास्त्रीय नाव डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन, कुल एबेनेसी, स्थानिक नाव टेंभुर्णी) पानाची प्रत ठरवण्याची पद्धत. उंची सिगारचे बाहेरचे पान तंबाखूचेच असते. विडीत मात्र वेष्टण जंगलाचे, म्हणून त्याची पारखही जंगलातच होते. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत हा हंगाम साधारण एप्रिल-मे महिन्यांत असतो. त्याआधी उन्हाळ्याच्या तोंडावर बेलकटाई, म्हणजे तेंदूच्या झुडपांची छाटणी, करतात. छाटलेल्या खुंटाला फुटणाऱ्या धुमाऱ्यांची पाने मोठी व लवचिक निघतात.

जाणती बाई पान बोटांत धरून किंचित दुमडते. पान चिरले नाही, शिरा बोटाला टोचल्या नाहीत, पोत चामड्यासारखा मऊ लागला, तर ते चांगले. कोवळे पान वाळताना आकसते, जून पान वळताना तडकते. किडीच्या गाठी, छिद्रे व पावसाचे काळे डाग असलेली पाने बाजूला काढतात. ७० पानांचा एक पुडा व १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी, असे महाराष्ट्रातील माप आहे. पुडे फळीवर (संकलनाच्या जागी) उन्हात उलटसुलट वाळवतात; याच काळात अवकाळी पाऊस आला तर प्रत घसरते.

पहाटे वाघाच्या जंगलात शिरून केलेली ही निवड कुशल काम आहे. तिला निव्वळ मजुरी समजणे अन्यायाचे ठरते. महाराष्ट्रात या व्यापारावर १९६९ च्या कायद्याने शासनाचे नियंत्रण आले. वनहक्क कायदा (२००६) व अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याच्या नियमांनंतर (२०१४) गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा पानांचा लिलाव स्वतः करतात.