खोक्यावरचे अक्षर

भारतात चित्रपट सुरू होण्याआधी पडद्यावर झळकणारे सेन्सॉरचे प्रमाणपत्र आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. 'ए' असेल तर दारावरच्या माणसाने शाळकरी पोरांना परत पाठवायचे, निदान तशी अपेक्षा होती. त्यामागे १९५२चा कायदा होता. इथे अमेरिकेत आपल्या मुला-नातवंडांच्या व्हिडिओ गेमच्या खोक्यावर 'ई', 'टी' किंवा 'एम' छापलेले असते. त्याला मात्र असा कुठलाही केंद्रीय कायदा नाही. ते अक्षर जन्मले सरकारच्या धाकातून.

९ डिसेंबर १९९३ रोजी सिनेटर जोसेफ लीबरमन आणि हर्ब कोल यांनी या खेळांबद्दल सुनावणी घेतली. चर्चेत होता 'मॉर्टल कॉम्बॅट'. त्यात जिंकणारा योद्धा हरलेल्याचे मुंडके पाठीच्या कण्यासकट उपटतो. निन्टेन्डोने आपल्या आवृत्तीत रक्ताच्या जागी घाम दाखवला. सेगाने एक गुप्त खूण दाबली की रक्त दिसेल अशी सोय ठेवली, शिवाय स्वतःचेच वयाचे लेबल लावले. खप सेगाचा जास्त झाला! सिनेटरांनी बजावले, तुम्ही वर्गवारी करा, नाहीतर आम्ही करू. १९९४च्या सप्टेंबरात उद्योगानेच 'ईएसआरबी' हे मंडळ उभे केले.

या मंडळाचे सर्वांत कडक अक्षर 'एओ', म्हणजे फक्त प्रौढांसाठी. त्याची ताकद दुकानदाराच्या हातात होती. मोठी दुकाने 'एओ' खेळ ठेवत नसत. २००५ मध्ये 'ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास'च्या आत दडवलेले लैंगिक दृश्य उघडकीला आले, 'एम'चे 'एओ' झाले आणि खेळ फळ्यांवरून खाली उतरला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने हिंसक खेळ अल्पवयीनांना विकण्यावर बंदी घातली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ती रद्द केली. न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी मुलांच्या परीकथांतली क्रूरता दाखवून दिली. मला तो युक्तिवाद आजही पटतो. आपल्या कथांमध्ये तरी नरसिंह काय करतो?

पण तोवर खोकेच नाहीसे होऊ लागले होते. २००३ मध्ये सुरू झालेले 'स्टीम' हे आज संगणकावरील खेळांचे सर्वांत मोठे ऑनलाइन दुकान आहे. तिथे ईएसआरबीचे अक्षर बंधनकारक नाही. २०१७ पासून १०० डॉलर भरून कोणीही आपला खेळ मांडू शकतो. खेळात काय आहे, हे बनवणाराच अर्ज भरून सांगतो. गिऱ्हाइकाला जन्मतारीख विचारतात आणि तो जी टाकेल ती खरी मानतात.

२०१८च्या जूनमध्ये मालक कंपनी व्हाल्वने जाहीर केले की बेकायदा किंवा निव्वळ खोडसाळ सोडून सगळे खेळ विकू. कोणाला काय दिसावे ते गिऱ्हाईक ठरवेल. सप्टेंबरात चाळण्या आल्या. निव्वळ लैंगिक खेळ, खातेदाराने स्वतः मुभा दिल्याशिवाय, दिसेनासे झाले.

ही व्यवस्था सात वर्षे चालली. मग २०२५च्या जुलैमध्ये, बलात्कार आणि कौटुंबिक व्यभिचाराचे खेळ विकले जातात म्हणून 'कलेक्टिव्ह शाउट' या ऑस्ट्रेलियन संघटनेने थेट पैशांचे व्यवहार सांभाळणाऱ्या कंपन्यांना पत्र लिहिले. स्टीमने कार्ड कंपन्या आणि बँकांचे नियम मोडणारा मजकूर चालणार नाही असा नवा नियम केला आणि अनेक खेळ काढले. 'इच' या छोट्या दुकानाने तर प्रौढांसाठीचे सगळेच खेळ शोधयादीतून सरसकट लपवले. मास्टरकार्डने म्हटले, आम्ही एकही खेळ तपासलेला नाही. व्हाल्वने म्हटले, मध्यस्थांनी आम्हाला मास्टरकार्डचाच नियम दाखवला.

त्या खेळांसाठी मी अश्रू ढाळणार नाही. पण १९९३ मध्ये प्रश्न विचारणारे लोक निवडून आलेले होते, सुनावणी उघड होती, आणि निकाल न्यायालयात उलटवता येत होता. इथे कोणी कोणाला काय सांगितले हेच कळत नाही, मग दाद कोणाकडे मागायची? ब्रिटनमध्ये तर नव्या कायद्यामुळे स्टीमवर असे खेळ पाहायला क्रेडिट कार्डच वयाचा दाखला ठरले आहे.

घरात लहान मूल असेल तर 'स्टीम फॅमिलीज' उघडून पाहा. मुलाचे खाते वेगळे करता येते, कोणता खेळ आणि किती वेळ ते आईवडिलांना ठरवता येते. दहा मिनिटांचे काम आहे, आणि आजोबांना जमले नाही तर नातवाला सांगू नका, सुनेला सांगा.