दुकानातील शीतयंत्रे : बिघाड ओळखावा कसा, दुरुस्ती पारखावी कशी

मुंबई : मिठाईच्या दुकानातील काचेचे कपाट, दूध केंद्रातील बाटल्यांचा कूलर, उपाहारगृहातील डीप फ्रीझर आणि मासळी व्यापाऱ्याची शीतखोली ही चारही यंत्रे एकाच तत्त्वावर चालतात आणि बहुधा एकाच रीतीने बिघडतात. बंद पडण्याआधी कित्येक दिवस आतील तापमान दोन-तीन अंशांनी चढलेले असते, कॉम्प्रेसर न थांबता चालत असतो आणि विजेचे बिल वाढत असते. दार उघडल्यावर हाताला गारवा लागतो, म्हणून ही घसरण कोणाच्या लक्षात येत नाही. मालाची नासाडी आणि ग्राहकाच्या आरोग्याचा धोका मात्र याच काळात वाढत जातो.

उन्हाळा सुरू झाला की दुरुस्तीची मागणी वाढते आणि घाईत केलेल्या कामाचे प्रमाणही वाढते. अशा वेळी दुकानदाराने स्वतः काय पाहावे, मेकॅनिककडून कोणते काम करून घ्यावे आणि शीतक वायूंबाबतचे बदलते नियम त्याच्या यंत्राला कसे लागू होतात, याचा हा आढावा.

किती थंड म्हणजे पुरेसे थंड

भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या परवाना व नोंदणीविषयक २०११ च्या विनियमांतील अनुसूची ४ मध्ये अन्न व्यावसायिकांसाठी स्वच्छतेच्या अटी दिल्या आहेत. व्यवहारातील मोजमाप सोपे आहे. थंड ठेवायचे नाशवंत पदार्थ ५ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली आणि गोठवलेले पदार्थ उणे १८ अंश किंवा त्याखाली असावेत. ५ ते ६० अंश हा पट्टा धोक्याचा मानला जातो, कारण रोगकारक जिवाणू या तापमानात झपाट्याने वाढतात.

थंडीमुळे जिवाणू मरत नाहीत, त्यांची वाढ मंदावते. लिस्टेरियासारखे काही जिवाणू शीतकपाटातील तापमानातही हळूहळू वाढतात. त्यामुळे तापमान ५ अंशांवरून ९ अंशांवर गेले, तर फरक किरकोळ दिसला तरी पदार्थ टिकण्याचा काळ बराच घटतो.

मासळीच्या बाबतीत हा फरक अधिक गंभीर ठरतो. बांगडा, सुरमई, कुपा, तारली यांसारखे मासे पुरेसे थंड न राहिल्यास त्यांत हिस्टामिन हे द्रव्य तयार होते. ते खाल्ल्यास चेहरा लाल होणे, अंगावर पुरळ उठणे, डोके दुखणे, उलट्या होणे असा त्रास होतो. एकदा तयार झालेले हिस्टामिन शिजवल्याने किंवा पुन्हा गोठवल्याने नष्ट होत नाही. म्हणजे सकाळी काही तास बंद असलेला फ्रीझर दुपारी सुरू झाला, तरी मधल्या वेळेतील हानी भरून निघत नाही.

यंत्राच्या दारावरील आकडा बहुधा आतील हवेचे तापमान दाखवतो. पदार्थाच्या तापमानाचा अंदाज घेण्यासाठी पाण्याची लहान बाटली मधल्या फळीवर ठेवून तिच्यात तापमापक बुडवून ठेवावा. तापमापक बरोबर आहे की नाही हे घरच्या घरी तपासता येते. बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी एकत्र ढवळून त्यात तो धरल्यास शून्य अंश दिसले पाहिजे.

उष्णता बाहेर टाकणारे यंत्र

शीतयंत्र गारवा निर्माण करते असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात ते आतील उष्णता उचलून बाहेर टाकते. कॉम्प्रेसर शीतक वायूला दाबतो, त्यामुळे तो तापतो. कंडेन्सरच्या नळ्यांमधून जाताना तो उष्णता बाहेरच्या हवेला देऊन द्रवरूप होतो. अरुंद कॅपिलरी नळीतून किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून पुढे जाताना त्याचा दाब एकदम उतरतो आणि आतील कॉइलमध्ये त्याचे पुन्हा वायूत रूपांतर होते. त्यासाठी लागणारी उष्णता तो अन्नाभोवतीच्या हवेतून ओढून घेतो.

उष्णता बाहेर जाण्यासाठी कंडेन्सर भोवतालच्या हवेपेक्षा बराच गरम असावा लागतो. नागपूर किंवा जयपूरच्या मे महिन्यात, भट्टीशेजारी, भिंतीला चिकटून ठेवलेल्या यंत्राला हे काम किती कठीण जात असेल, याची कल्पना करता येईल. त्यातच कंडेन्सरच्या जाळीवर धूळ, पिठाचे कण आणि तळणाचा तेलकट थर साचला, तर उष्णता अडकून राहते. दाब वाढतो, कॉम्प्रेसर तापतो आणि सुरक्षेसाठी बसवलेला ओव्हरलोड त्याला वारंवार बंद करतो. बाहेरून पाहता यंत्र ‘गॅस संपल्यासारखे’ वागते, पण दोष केवळ अस्वच्छतेचा असतो.

किनारपट्टीवर आणखी एक अडचण असते. रत्नागिरी, मालवण, पणजी किंवा कोची येथील खाऱ्या हवेने कंडेन्सरचे ॲल्युमिनियमचे पातळ पाते आणि नळ्यांचे जोड गंजतात. तेथे साफसफाई अधिक वेळा करावी लागते आणि यंत्र घेतानाच गंजरोधक लेप असलेला कंडेन्सर निवडणे हिताचे ठरते.

लहान खाणावळींत अनेकदा घरगुती फ्रिजच वापरला जातो. दिवसातून शेकडो वेळा दार उघडले जाईल, गरम डबे आत जातील, असे गृहीत धरून तो बनवलेला नसतो. त्यात वारंवार होणारा बिघाड हा दुरुस्तीचा नसून निवडीचा प्रश्न असतो.

दुकानदाराच्या हातातील कामे

बिघाडांचा मोठा भाग हत्यार न उचलता टाळता येतो. दिवसातून दोनदा, शक्यतो दुकान उघडताना आणि दुपारच्या गर्दीनंतर, तापमान वहीत लिहावे. कंडेन्सरची जाळी महिन्यातून एकदा मऊ ब्रशने साफ करावी. भट्टी किंवा तळणाच्या कढया जवळ असतील, तर दर पंधरवड्याला करावी. साफसफाईपूर्वी वीजजोड काढावा आणि पाते वाकणार नाहीत याची काळजी घ्यावी.

दाराभोवतीची रबरी पट्टी, म्हणजे गॅस्केट, कोमट साबणाच्या पाण्याने पुसावी. ती नीट बसते की नाही हे पाहण्यासाठी दारात दहा रुपयांची नोट धरून दार लावावे आणि नोट ओढावी. ती सहज निसटली, तर त्या जागेतून दमट हवा आत जात आहे. ही ओलसर हवा कॉइलवर बर्फ होऊन साचते. बर्फाचा जाड थर पांघरुणासारखे काम करतो आणि उष्णता कॉइलपर्यंत पोहोचू देत नाही. थर वाढण्याआधी डीफ्रॉस्ट करावे. सुरी किंवा पेचकसाने बर्फ खरवडू नये, कारण कॉइलला पडलेले एक भोक संपूर्ण यंत्र निकामी करू शकते.

आत माल रचताना हवेच्या झरोक्यांपुढे खोकी ठेवू नयेत. गरम भाताचे किंवा रश्श्याचे पातेले तसेच आत ठेवल्यास शेजारचे पदार्थही धोक्याच्या पट्ट्यात जातात. उथळ परातीत पसरून किंवा पातेले बर्फाच्या पाण्यात ठेवून पदार्थ लवकर निववावा आणि मग आत ठेवावा. तो रात्रभर ओट्यावर निवत ठेवणे तितकेच धोक्याचे आहे.

‘गॅस भरला’ ही दुरुस्ती नव्हे

बाजारात सर्वाधिक ऐकू येणारे निदान म्हणजे ‘गॅस कमी झाला आहे’. शीतक मोटारीतील पेट्रोलप्रमाणे जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये पुनःपुन्हा फिरतो. कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे आणि ती न शोधता भरलेला वायू काही दिवसांत किंवा महिन्यांत पुन्हा निघून जातो. ग्राहक दर उन्हाळ्यात त्याच कामाचे पैसे मोजतो.

योग्य दुरुस्तीचा क्रम ठरलेला आहे. यंत्रणेत कोरडा नायट्रोजन दाबाने भरून जोडांवर साबणाचे पाणी लावून किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाने गळती शोधावी. तो जोड ब्रेझिंगने नीट करावा आणि पुन्हा दाब देऊन खात्री करावी. यंत्रणा उघडली की फिल्टर ड्रायर बदलावा. नंतर व्हॅक्यूम पंप लावून आतील हवा आणि ओलावा पूर्ण काढावा. शेवटी यंत्राच्या पाटीवर लिहिलेला शीतक, लिहिलेल्याच वजनाने, काट्यावर मोजून भरावा.

व्हॅक्यूमची पायरी वेळखाऊ असल्याने अनेकदा गाळली जाते. आत राहिलेला ओलावा कॅपिलरीच्या तोंडाशी गोठून मार्ग अडवतो किंवा तेलाशी संयोग पावून आम्ल तयार करतो. नव्याने बसवलेला कॉम्प्रेसर काही महिन्यांतच जळण्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. आर-४०४ए सारख्या मिश्र शीतकांतील घटक वेगवेगळ्या वेगाने वायुरूप होतात. म्हणून तो सिलिंडरमधून द्रवरूपातच घ्यावा लागतो, अन्यथा मिश्रणाचे प्रमाण बदलते.

एका बाबतीत तडजोड जिवावर बेतू शकते. दाब तपासण्यासाठी नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन कधीही वापरू नये. कॉम्प्रेसरमधील तेल आणि दाबाखालील ऑक्सिजन एकत्र आल्यास स्फोट होतो. वेल्डिंगचा सिलिंडर हाताशी आहे, एवढ्याच कारणाने हा मोह होतो, म्हणून दुकानदाराने सिलिंडर कशाचा आहे हे विचारून घेणे योग्य.

बदलणारे वायू, बदलणारी जोखीम

भारतातील शीतयंत्रांत सध्या अनेक पिढ्यांचे वायू एकाच वेळी वापरात आहेत. ओझोन थराला हानिकारक असलेला आर-२२ मॉन्ट्रियल कराराखाली बाद होत आहे. नवी उपकरणे बनवताना या गटातील वायूंचा वापर २०२४ अखेर थांबवण्यात आला असून, २०३० नंतर जुन्या यंत्रांच्या देखभालीपुरता अल्प पुरवठाच अपेक्षित आहे. ज्यांच्या शीतखोल्या आजही आर-२२ वर चालतात, त्यांनी पुढील मोठ्या दुरुस्तीपूर्वी हा हिशेब करायला हवा.

त्यानंतरच्या पिढीतील आर-१३४ए आणि आर-४०४ए ओझोनला हानी पोहोचवत नाहीत, पण त्यांची तापमानवाढीची क्षमता मोठी आहे. शंभर वर्षांच्या मोजणीत, कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत आर-१३४ए सुमारे १,४३० पट, तर आर-४०४ए सुमारे ३,९०० पट प्रभावी ठरतो. २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार या वायूंच्या वापरावर २०२८ पासून मर्यादा येईल आणि २०३२ ते २०४७ या काळात चार टप्प्यांत तो ८५ टक्क्यांनी घटवला जाईल.

त्यांची जागा घेणारे आर-२९० आणि आर-६००ए हे अनुक्रमे प्रोपेन आणि आयसोब्युटेन आहेत. त्यांचा हवामानावरील परिणाम नगण्य आहे आणि ते कार्यक्षमही आहेत, पण ज्वलनशील आहेत. अनेक नव्या कूलर आणि फ्रीझरमध्ये हेच वायू असतात आणि पाटीवर ज्वालेचे पिवळे चिन्ह असते. अशा यंत्रात वायू काढून टाकण्यापूर्वी आणि जागा हवेशीर करण्यापूर्वी ब्रेझिंगची ज्योत पेटवणे धोकादायक आहे. त्यांचे रिले, स्विच आणि पंखेही ठिणगी बाहेर पडणार नाही अशा बनावटीचे असतात. स्वस्तातला साधा रिले बसवल्यास ही सुरक्षा संपते.

याच्या उलट प्रकारही तितकाच घातक आहे. वायू महाग पडतो म्हणून आर-१३४ए च्या यंत्रात स्वयंपाकाचा गॅस भरला, तर ज्वलनशील वायूसाठी न बनवलेल्या विद्युत भागांजवळ तो साठतो. पाटीवर नसलेला वायू यंत्रात भरू न देणे हा दुकानदाराचा अधिकार आहे आणि जबाबदारीही.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मार्च २०१९ मध्ये जाहीर केलेल्या भारत शीतन कृती आराखड्यात दुरुस्ती क्षेत्रातील १ लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये प्रशीतन व वातानुकूलनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रमही चालतो. तरीही या व्यवसायात उस्तादाच्या हाताखाली काम शिकून तयार झालेले कारागीर मोठ्या संख्येने आहेत. त्यांचा अनुभव मोलाचा आहे, मात्र ज्वलनशील वायूंची हाताळणी केवळ निरीक्षणाने शिकण्यासारखी नाही. आर-२९० च्या यंत्रासाठी मेकॅनिक बोलावताना त्याचे प्रशिक्षण विचारणे यात अवमान नाही.

वीज गेली तर

वीज परत येताच यंत्र लगेच सुरू होणे घातक असते. नळ्यांतील दाब समान होण्याआधी कॉम्प्रेसरवर भार पडला, तर त्याची मोटर अडकते आणि तापते. किमान तीन ते पाच मिनिटांचा विलंब देणारा स्टॅबिलायझर हा धोका टाळतो आणि कमी-जास्त व्होल्टेजपासूनही संरक्षण देतो.

वीज नसताना दार उघडू नये. अमेरिकी कृषी विभागाच्या मार्गदर्शनानुसार बंद दाराचा घरगुती फ्रिज सुमारे ४ तास, तर पूर्ण भरलेला फ्रीझर सुमारे ४८ तास थंडी टिकवतो. आपल्याकडील उन्हाळ्यात, काचेच्या दारांच्या कपाटात हा अवधी कमी धरावा. दूध, मांस, मासळी, शिजवलेला भात यांसारखे पदार्थ सुरक्षित तापमानाबाहेर २ तासांहून अधिक काळ राहिले असल्यास ते टाकून द्यावेत. वास आणि चव यांवरून निर्णय घेऊ नये, कारण विषबाधा करणारे अन्न पुष्कळदा चांगलेच दिसते.

नोंदवहीचे महत्त्व

शीतपेये आणि आइस्क्रीम कंपन्यांनी दुकानात ठेवलेली यंत्रे बहुधा कंपनीच्याच मालकीची असतात. त्यांची दुरुस्ती बाहेरच्या मेकॅनिककडून करून घेण्याआधी करार पाहावा. स्वतःच्या यंत्रांसाठी वार्षिक देखभाल करार करताना वर्षातून किती भेटी, कंडेन्सरची सफाई समाविष्ट आहे का, गळती शोधण्याचे काम वेगळे आकारले जाईल का आणि भरलेल्या वायूचे नाव व वजन पावतीवर लिहिले जाईल का, हे चार मुद्दे लेखी घ्यावेत.

दुरुस्तीच्या पावत्या आणि रोजच्या तापमानाची वही एकत्र ठेवल्यास बिघाडाची दिशा आपोआप दिसू लागते. तीन आठवड्यांत सकाळचा आकडा ४ वरून ७ वर सरकलेला दिसला, तर मेकॅनिकला बोलावण्याची वेळ आली आहे. त्या दिवशी कदाचित जाळी साफ करून किंवा गॅस्केट बदलून काम भागेल. महिनाभर थांबल्यास कॉम्प्रेसर बदलावा लागू शकतो आणि मधल्या काळात त्या कपाटातून विकल्या गेलेल्या मालाचा हिशेब कोणालाच देता येत नाही.