ग्रामसभेपासून बहिष्कारापर्यंत : शिराळ्यातील स्थानिक सत्तेची चर्चा

सांगली जिल्ह्याच्या पश्चिम भागात मोरणा नदीच्या काठी वसलेले शिराळा महाराष्ट्राला ‘बत्तीस शिराळा’ या नावाने आणि नागपंचमीमुळे परिचित आहे. परंतु स्थानिक स्वराज्य संस्थांच्या, म्हणजे गाव, शहर किंवा जिल्हा पातळीवर लोकांनी निवडून दिलेल्या कारभारी मंडळांच्या इतिहासातही या गावाला एक स्वतंत्र जागा आहे. कारभाऱ्यांनी कोणते निर्णय घेतले, निवडणुकीपूर्वी कोणती आश्वासने दिली आणि त्यांतली कोणती त्यांच्या हातात होती, याची चर्चा गावाने कुठे बसून करायची, हा प्रश्न येथे जितक्या ठळकपणे पुढे आला तितका तो फार थोड्या गावांत आला असेल.

मराठेशाहीच्या काळात अशा चर्चेचे ठिकाण म्हणजे गोतसभा होय. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि मिरासदार एकत्र बसून वतनाचे, हद्दीचे आणि मानपानाचे तंटे सोडवत, आणि झालेला निर्णय ज्या कागदावर उतरवला जाई त्याला ‘महजर’ म्हणत. अक्षरओळख नसलेला शेतकरी महजरावर नांगराची निशाणी काढी, तर न्हावी आरशाची; त्यामुळे कोण हजर होते आणि कोणाच्या साक्षीने निर्णय झाला, हे तो कागद पाहताच कळे. ही सभा समतेची नव्हती. जातीची उतरंड तिच्यात पुरेपूर होती आणि स्त्रियांना तिच्यात स्थान जवळपास नव्हते. तरीही गावाचा निर्णय गावासमोर व्हावा आणि तो लिहून ठेवावा, ही रीत तिने रुजवली, हे मान्य करावे लागते.

1882 मध्ये लॉर्ड रिपन यांच्या ठरावानंतर तालुका व जिल्हा लोकल बोर्डे आली. त्या वेळी शिराळा सातारा जिल्ह्यात होते. 1949 मध्ये ‘दक्षिण सातारा’ हा वेगळा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्याचे नाव सांगली ठेवण्यात आले. लोकल बोर्डांचा मताधिकार सारा व कर भरण्याच्या ऐपतीवर बेतलेला असल्यामुळे बहुसंख्य रयतेला मत नव्हते, आणि ज्याला मत नाही त्याच्या मताची पर्वा उमेदवारानेही करण्याचे कारण नव्हते. 1930 मध्ये बिळाशीच्या रानात झालेला जंगल सत्याग्रह आणि 1943 नंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिलेले प्रतिसरकार यांनी या भागातील सामान्य माणसाला सार्वजनिक निर्णयात प्रथमच उघडपणे ओढून घेतले. प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळांपुढे तंटे लोकांदेखत चालत, ही गोष्ट पुढील काळाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली.

स्वातंत्र्यानंतर प्रौढ मताधिकार आला आणि 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाने ग्रामसभेला, म्हणजे गावच्या मतदार यादीतील सर्वांच्या सभेला, कायद्याचा आधार दिला. दवंडी पिटायची, पंचायतीच्या फलकावर नोटीस लावायची, ठरल्या वेळी लोक जमले की मागील सभेचे इतिवृत्त वाचायचे आणि मग घरपट्टी, पाणीपट्टी, गटारे, दिवाबत्ती, घरकुलांच्या याद्या अशा विषयांना हात घालायचा, असा तिचा क्रम असे. गणपूर्तीसाठी, म्हणजे सभा चालू करण्यास लागणाऱ्या किमान हजेरीसाठी, एकूण मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरेशी होती. पुष्कळ गावांत ही सभा रिकाम्या खुर्च्यांसमोर उरकली गेली, सह्या मागाहून घरोघरी फिरवून घेतल्या गेल्या, हे खरेच आहे. पण ज्याला प्रश्न विचारायचा आहे त्याला उभे राहून विचारता येई आणि उत्तर प्रोसिडिंग बुकात नोंदवा असा आग्रह धरता येई. सरपंचाने निवडणुकीत दिलेला शब्द आणि त्याने प्रत्यक्षात केलेला ठराव हे दोन्ही तेथे एकमेकांशेजारी ठेवून पाहता येत.

2014 नंतर राज्य शासनाने तालुक्याच्या मुख्यालयांतील ग्रामपंचायतींचे रूपांतर नगरपंचायतींत करण्याचे धोरण राबवले आणि शिराळाही त्यात आले. नगरपंचायत म्हणजे ग्रामीणातून नागरी होऊ लागलेल्या वस्तीसाठी 74 व्या घटनादुरुस्तीने ठरवलेली संस्था. तिच्यात सतरा प्रभाग आणि सतरा नगरसेवक असतात. या बदलाचा एक परिणाम मात्र फारसा बोलला गेला नाही, तो असा की नगरपंचायत होताच ग्रामसभा संपते. प्रभाग समित्यांची सक्ती राज्यघटनेने तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांपुरतीच केलेली असल्यामुळे शिराळ्यासारख्या गावात ग्रामसभेच्या जागी दुसरे काहीही येत नाही. चर्चा चहाच्या टपरीवर, देवळाच्या ओट्यावर आणि तालमीत चालूच राहते, परंतु तिची नोंद घेणारे बुक राहत नाही.

नेमक्या याच काळात गावाला सर्वांत मोठा निर्णय करायचा होता. गोरक्षनाथांनी मातीच्या नागाची पूजा करणाऱ्या गृहिणीला जिवंत नाग पुजण्याची प्रेरणा दिली, अशी येथील श्रद्धा आहे, आणि त्या श्रद्धेनुसार पिढ्यान्‌पिढ्या नागपंचमीपूर्वी शेताशिवारातून नाग पकडले जात, फडक्याने तोंड बांधलेल्या मडक्यात सांभाळले जात आणि सणानंतर परत सोडले जात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत वन्यप्राण्याला पकडणेही येते, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये या कायद्याचे काटेकोर पालन करण्यास सांगितल्यावर जिवंत नागांची पूजा थांबली आणि मातीच्या व प्रतिमारूप नागांवर सण साजरा होऊ लागला.

2016 च्या अखेरीस नगरपंचायतीची पहिली निवडणूक जाहीर झाली तेव्हा जिवंत नागांची पूजा पुन्हा करू द्यावी या मागणीसाठी सर्वपक्षीयांनी तिच्यावर बहिष्कार टाकला आणि निवडणूक होऊ शकली नाही. एरवी एकमेकांविरुद्ध पॅनेल उभे करणारे गट येथे एका बाजूला आले. याकडे केवळ हट्ट म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. सभा हरवलेल्या गावाने निवडणुकीलाच सभा बनवले आणि एकत्रितपणे नकाराचा ठराव केला, असाच त्याचा अर्थ लावावा लागतो. त्यातली अडचणही तितकीच खरी होती : वन्यजीव कायदा संसदेचा, त्याचा अर्थ लावणारे न्यायालय मुंबईचे, आणि बहिष्कार मात्र पाणी, रस्ते व गटारे यांची जबाबदारी असलेल्या संस्थेवर. जे नगरपंचायतीच्या हातात नव्हते त्यासाठी, जे तिच्या हातात होते ते गावाने रोखून धरले.

24 मे 2017 रोजी अखेर मतदान झाले आणि पहिले सभागृह अस्तित्वात आले. नागपंचमीचा प्रश्न मात्र नगरपंचायतीकडून विधानसभेकडे सरकला. नोव्हेंबर 2024 मध्ये शिराळ्यातील प्रचारसभेत केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी कायद्याच्या चौकटीत परंपरा पुन्हा सुरू करण्याचे आश्वासन दिले, आणि जुलै 2025 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने शिक्षण व संवर्धनाच्या हेतूने 21 नाग पकडण्यास परवानगी दिली. शिराळकरांनी इतकी वर्षे केलेली मागणी आणि मिळालेली परवानगी यांत जे अंतर आहे ते मोजूनच त्या आश्वासनाचे मूल्य ठरवले पाहिजे, कारण मागणी पूजेची होती आणि परवानगी प्रबोधनाची आहे.

दरम्यान पहिल्या सभागृहाची पाच वर्षांची मुदत 2022 मध्ये संपली आणि राज्यभर रखडलेल्या निवडणुकांमुळे कारभार प्रशासकाकडे, म्हणजे शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे गेला. त्या काळात घरपट्टीविषयी विचारायला ग्रामसभा नव्हती आणि नगरसेवकही नव्हता. डिसेंबर 2025 च्या निवडणुकीने नगरसेवक परत आले. ग्रामसभा आलेली नाही, आणि ती यावी असे वाटत असेल तर शिराळकरांनी पुढच्या प्रत्येक उमेदवाराकडून आधी एवढेच लेखी घ्यावे की वर्षातून किमान दोनदा तो आपल्या प्रभागाची सभा बोलावील आणि तिचे इतिवृत्त लिहून ठेवील, कारण हे काम कोणत्याही न्यायालयाच्या किंवा मंत्रालयाच्या परवानगीवाचून त्याला करता येण्यासारखे आहे.